लघुरूप कोणाला उलगडते?

मराठीच्या प्राध्यापकांच्या खोलीत ज्या तक्रारी वर्षानुवर्षे न बदलता ऐकू येतात, त्यांत 'मुलांना आता पूर्ण शब्दही लिहवत नाही' ही तक्रार अग्रभागी असावी. तक्रारीत तथ्य नाही असे नाही. 'काय करतोयस' या साध्या प्रश्नातले स्वर गाळून रोमन लिपीतला व्यंजनांचा सांगाडा तेवढा मोबाईलवरून पाठवला जातो. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' तीन-चार अक्षरांत उरकतात. इतकेच काय, कोणी गेल्याची बातमी आली की तिच्याखाली 'भापुश्र' असे लिहून 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाहिली जाते. श्रद्धांजलीतला भाव संक्षेपात किती उरतो, हा प्रश्न कोणालाही पडावा.

परंतु तक्रार करणारे आपणही आपल्या नावाआधी 'प्रा. डॉ.' लिहितो, पत्राच्या आरंभी 'सा. न. वि. वि.' लिहितो, शेवटी 'ता. क.' जोडतो आणि संध्याकाळी एस. टी.ने घरी जातो. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे चार अक्षरांत आटोपताना आपला साष्टांग नमस्कार आखडला, असे आपल्याला कधी वाटले नाही. तेव्हा प्रश्न संक्षेपाचा नाही. दुसराच काही असला पाहिजे. तो कोणता, याचा शोध मला गेली काही वर्षे आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवताना घ्यावासा वाटत आला आहे.

लघुरूपांचा खरा सुकाळ पाहायचा तर जपानी भाषेकडे पाहावे. 'कराओके' आणि 'पोकेमॉन' हे शब्द आपल्या मुलांच्या तोंडी सहज असतात; ती लघुरूपे आहेत हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हा 'ऑर्केस्ट्रा'चा तुकडा. वादक नसलेला वाद्यवृंद तो कराओके. 'पॉकेट मॉन्स्टर'चे पोकेमॉन झाले, 'पर्सनल कॉम्प्युटर'चे 'पासोकोन' झाले. शिक्षण संपत आले की नोकरी शोधण्याची जी धडपड तिथे सुरू होते, तिला 'शूशोकु कात्सुदो' म्हणतात. तरुणांनी तिचे 'शूकात्सु' केले आणि तो शब्द वर्तमानपत्रांतही स्थिरावला.

या लघुरूपांची घडण आपल्या ओळखीची आहे. इंग्रजी लघुरूपात सुटी वर्णाक्षरे घेतली जातात, म्हणून त्यांतली बरीचशी एकेक अक्षर उच्चारत वाचावी लागतात. जपानीत मात्र शब्दातला उच्चारी तुकडा, म्हणजे स्वरासकट व्यंजन, उचलला जातो. त्यामुळे जे तयार होते तो तोंडात बसणारा नवा शब्दच असतो. देवनागरीचेही तसेच. आपले अक्षर मात्रेसह उचलले जाते. म्हणून शेतकरी कामगार पक्षाचा 'शेकाप' झाला, अंधश्रद्धा निर्मूलन समितीची 'अंनिस' झाली, आणि २००६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेला 'मनसे' या लघुरूपात एक जास्तीचा अर्थही आयता मिळाला. ग. दि. माडगूळकरांचे 'गदिमा' हे तर आता नावच आहे. मराठी लघुरूप शब्द होऊ पाहते, हा तिच्या लिपीचा गुण आहे.

साम्य एवढ्यावर संपत नाही. जपानी तरुणांचा 'याबाई' हा शब्द मुळात धोक्याचा, अडचणीचा. आज तोच शब्द उत्तम चवीच्या पदार्थाला आणि आवडत्या गाण्यालाही लावला जातो. यावर तिथले वडीलधारे नाराज होतात म्हणे. आपण नाराज होण्याआधी आपल्या 'भयंकर सुंदर'कडे आणि 'खतरनाक आवडलं'कडे पाहून घ्यावे. भीतीचा शब्द कौतुकाला वापरण्याची खोड दोन्हीकडची आहे. आमच्या महाविद्यालयीन दिवसांत जे काही उत्तम ते 'सही' असे. मोठ्यांना तो शब्द टाकाऊ वाटे, आणि २००२ साली 'सही रे सही' नावाचे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा तो नाट्यगृहाच्या फलकावर जाऊन बसला. आजच्या मुलांना 'सही' जुनाट वाटतो. टवाळ शब्द एका पिढीत म्हातारा होतो आणि मग सभ्य मानला जातो, किंवा मरतो.

जपानीतले एक लघुरूप मला विशेष विचारात पाडते. २००७च्या सुमारास तिथे 'केवाय' हे शब्दरूप फार गाजले. 'कूकी योमेनाई' या शब्दांची ती रोमन आद्याक्षरे. शब्दशः अर्थ, 'हवा वाचता न येणारा'. चारचौघांत न बोलता जे सगळ्यांना समजलेले असते ते ज्याला समजत नाही, तो 'केवाय'. गंमत अशी की हे लघुरूप ज्याला कळत नाही, तो ते न कळण्यामुळेच केवाय ठरतो. लघुरूपाचा स्वभावच इथे उघडा पडतो. पूर्ण शब्द कोणालाही उद्देशून असतो. लघुरूप मात्र 'उरलेले तुला ठाऊक आहेच' असे गृहीत धरून बोलते. ज्याला ठाऊक आहे तो 'आपला', ज्याला नाही तो बाहेरचा. प्रत्येक लघुरूपाभोवती असे एक न दिसणारे कुंपण असते.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला हे कुंपण पहिल्याच वर्षी भेटते. वि. स., ना. सी., बा. सी., पु. ल., व. पु. ही आद्याक्षरे आम्ही वर्गात अशी उच्चारतो की जणू विष्णू सखाराम, नारायण सीताराम, बाळ सीताराम, पुरुषोत्तम लक्ष्मण आणि वसंत पुरुषोत्तम यांच्याशी सर्वांचा घरोबा आहे. गुरुनाथ आबाजी कुलकर्णी मराठी पद्धतीने 'गु. आ.' व्हायला हवे होते. ते इंग्रजी आद्याक्षरांनी 'जी. ए.' झाले आणि आता दुसरे काही शोभणारच नाही. या यादीत लेखिका जवळजवळ नाहीत. इंदिरा संत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष यांची नावे पूर्ण घ्यावी लागतात. पुरुषाच्या नावाचा संक्षेप झाला. बाईच्या वाट्याला नावाआधीची उपाधी आली, आणि संक्षेप झाला तो त्या उपाधीचा.

हे मला नेमके दिसले ते एका स्वाध्यायामुळे. पदव्युत्तर वर्गाला मी सांगितले, की आपापल्या घरी, शेतात, तहसील कचेरीत, लग्नपत्रिकेवर आणि मोबाईलवर जी लघुरूपे दिसतील ती वहीत उतरवून आणा. वहीत चार रकाने आखायचे: लघुरूप, त्याचे पूर्ण रूप, ते कोण वापरते, आणि ते कोणाला कळत नाही. पहिला रकाना मुलांनी दोन दिवसांत भरला. चौथ्या रकान्यात बरेच जण अडले, आणि खरा अभ्यास तिथेच सुरू झाला.

एका विद्यार्थिनीने बहिणीच्या लग्नाची पत्रिका आणली होती. ती अजून छापायला जायची होती. मुलीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.', काकूंच्या नावाआधी 'सौ.', कीर्तनकार मामांच्या नावाआधी 'ह. भ. प.' आणि निमंत्रकांत सर्वांत वर आजीच्या नावाआधी 'गं. भा.'. पहिली तीन तिने फोडून लिहिली होती: चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, सौभाग्यवती, हरिभक्तपरायण. चौथ्यापुढे प्रश्नचिन्ह होते. 'गंगाभागीरथी' हा विस्तार तिला सांगितला आणि तो विधवेच्या नावाआधी लावतात हेही सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आजोबा गेल्याचं पत्रिकेत छापायचं?" आजोबा जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. आजी त्या घरची कर्ती बाई होती. छापील पत्रिका आली तेव्हा तिच्यावर आजीचे नाव होते आणि नावाआधी 'श्रीमती' एवढेच होते. हा बदल घरात कसा घडला ते मी विचारले नाही.

'गं. भा.' ही दोन अक्षरे आपल्याला संस्कृती वाटतात आणि 'भापुश्र' विकृती वाटते, यातला विरोध त्या दिवशी मला प्रथमच इतका ठळक दिसला. जुन्या पत्रांतला मायना हा तर उपाध्यांच्या संक्षेपांचा संपूर्ण जिना होता. 'वे. शा. सं.' कोणाला लिहायचे, 'रा. रा.' कोणाला, स्वतःच्या वडिलांना 'ती.' आणि वडिलांसारख्या वडीलधाऱ्याला 'ती. स्व.', हे ठरलेले असे. पत्र उघडण्याआधीच माणसाची जात, वय, मान आणि बाईचे सौभाग्य दोन-तीन अक्षरांत वाचणाऱ्यापुढे ठेवले जाई. ही अक्षरे इतकी लहान होती की त्यांच्याकडे कोणी बोट दाखवले नाही. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३मध्ये, 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगाभागीरथी' वापरावा असा प्रस्ताव राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढे आला आणि त्यावर टीकेची झोड उठली. तसा निर्णय झालेला नाही, असा खुलासा मग करावा लागला. शब्द पूर्ण लिहिल्याबरोबर लोकांना तो बोचला. दोन टिंबांआड तो पिढ्यान् पिढ्या सुखाने नांदत होता.

कुंपण घालणारे नेहमी वरचे असतात असेही नाही. बैलबाजारात उपरण्याखाली बोटे दाबून ठरणारा भाव आणि व्यापारी-दलालांची 'नंदभाषा', जिच्यात एकाला 'केवली' आणि साताला 'पवित्र' म्हणत, या पोटापाण्यासाठी झालेल्या गुप्त बोली आहेत. शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या जागी 'च' घालून 'कमला'ची 'चमलाक' करणाऱ्या शाळकरी मुलांनाही मोठ्यांपासून थोडी जागा हवी असते. आणि वर्धा नदी ओलांडून पलीकडच्या अमरावती जिल्ह्यात गेले, की ज्या रिद्धपूरला आपण मराठी गद्याचे माहेर मानतो तिथल्या महानुभावांनीही आपले ग्रंथ 'सकळ' आणि 'सुंदरी' यांसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. त्यामुळे ते संप्रदायात जपले गेले. पण त्याची किंमतही मोजावी लागली. तेराव्या शतकातले 'लीळाचरित्र' विसाव्या शतकापर्यंत मराठी वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीआड राहिले. म्हाताऱ्याकोताऱ्या बायांना कळावे म्हणून मराठीतच लिहा, असा आग्रह धरणाऱ्या नागदेवाचार्यांचा हा पंथ. त्याचीच पोथी शेकडो वर्षे बाहेरच्या म्हातारीला वाचता येऊ नये, हा इतिहासातला मोठा चटका आहे. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तिथे शिकणाऱ्याने हा चटका लक्षात ठेवावा.

स्वाध्यायाच्या वह्यांत कचेरीच्या लघुरूपांची पाने सर्वांत दाट होती. त्यांत दोन प्रकार मुलांनी स्वतःहून वेगळे केले. पहिला प्रकार 'सातबारा'चा. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, ही फोड बहुतेक शेतकऱ्यांना सांगता येत नाही. पण सातबारा म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्यांनी त्या आकड्यांना आपल्या भाषेत जागा दिली. 'सातबारा कोरा करणे' हा वाक्प्रचार कोणत्याही कोशकाराने घडवलेला नाही, तो कर्जाखाली दबलेल्यांनी घडवला. अक्षरांचा विस्तार ठाऊक नसला तरी वस्तू आपली असेल तर शब्द आपला होतो.

दुसरा प्रकार 'केवायसी'चा. २०१९ची पी. एम. किसान सन्मान निधी योजना असो, २०२४ची लाडकी बहीण योजना असो की साधी शिधापत्रिका, प्रत्येक ठिकाणी 'ई-केवायसी' आली. आमच्या भागात ती क्रियापदासारखी वापरली जाते: 'केवायसी मारून आलो', 'केवायसी अटकली'. एका विद्यार्थ्याने तिच्यापुढे विस्तार लिहिला होता, 'नो युवर कस्टमर', आणि कंसात भाषांतर, 'आपल्या ग्राहकाला ओळखा'. त्याखाली त्याने आजीशी झालेले बोलणे जसेच्या तसे उतरवले होते.

"केवायसी म्हंजे काय रे बाबू?"

"आजी, थे तुले ओयखते का नाई, हे पायते."

"मंग मी कायले ओयख द्याले जाऊ? सारं गाव तं ओयखते मले."

अंगठ्याच्या रेषा झिजल्याने यंत्र त्या आजीला ओळखत नव्हते. तिला तीनदा परत यावे लागले. हा यंत्राचा प्रश्न झाला. भाषेचा प्रश्न असा, की जिची ओळख पटवायची तिला त्या तीन अक्षरांत 'ग्राहक' म्हटले आहे आणि हे तिला कळण्याची सोय नाही. विस्तार करून पाहिला तेव्हाच वर्गाच्या ध्यानात आले, की नागरिकाचा ग्राहक केव्हा झाला हे कोणी सांगितलेच नव्हते. जपानी 'केवाय' न कळलेला माणूस फार तर मित्रांत हसे करून घेतो. आमची 'केवायसी' न कळलेल्याचे धान्य थांबते. लघुरूपाचे कुंपण मित्रांनी घातले असेल तर ते अंगणाचे असते. सत्तेने घातले की त्याला फाटक लागते आणि किल्ली दुसऱ्याकडे राहते.

मग मुलांच्या लघुरूपांकडे कसे पाहावे? एक भेद आधी करून घ्यावा लागतो. वर्गात कोणी 'सुमडीत' किंवा 'कल्टी' म्हटले तर ती ऐट समजली जाते. हे शब्द मुंबईहून सिनेमा आणि मोबाईलच्या वाटेने आलेले असतात. कोणी 'मले', 'काहून', 'करून रायला' म्हटले तर मात्र इतर जिल्ह्यांतून आलेले कान टवकारतात. टवाळभाषा आणि बोली यांत एवढा घोळ अन्यत्र क्वचितच होत असेल. टवाळभाषा निवडून घेतली जाते आणि सोडून देता येते. बोली आईच्या दुधाबरोबर येते. वऱ्हाडीला अशुद्ध ठरवून 'कल्टी'ला आधुनिक ठरवणारा विद्यार्थी आपल्याच घरातून कल्टी मारत असतो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्ज्याला आधार म्हणून जे प्राचीन गद्य आपण मिरवतो, ते याच बोलीच्या प्रदेशात लिहिले गेले, एवढे तरी तिला ऐकवायला हवे.

आणि कधीकधी ही बोली आणि हे नवे लघुलेखन एकमेकांना असे भेटतात की आपण चकित व्हावे. वह्यांमध्ये पुष्कळांनी लिहिलेले एक लघुरूप होते 'जे१'. रोमन 'जे' हे अक्षर आणि पुढे एकाचा आकडा. आकडा इंग्रजीत वाचायचा: जे-वन. म्हणजे जेवण. 'जे१ झालं का?' असा प्रश्न महाराष्ट्रभर मोबाईलवरून विचारला जातो. जपानी मुले 'सान' म्हणजे तीन आणि 'क्यू' म्हणजे नऊ यांवरून ३९ या आकड्यात 'थँक्यू' म्हणतात, त्याच जातीची ही करामत. प्रमाण मराठीत मात्र ती किंचित अडते, कारण शेवटी 'ण' हवा आणि मिळतो 'न'. आमच्या वऱ्हाडीत ती तंतोतंत बसते. आमच्याकडे 'ण'चा 'न' कधीचाच झालेला आहे. आम्ही पानी पितो आणि जेवन करतो. ज्या उच्चाराला शाळेत लाल शाईने गोल पडत आला, तोच या लघुरूपात अचूक ठरला.

त्या पानावरची एक नोंद मी जपून ठेवली आहे. विद्यार्थी वर्ध्याला खोली करून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. घर आष्टी तालुक्यातल्या एका खेड्यात. पहिल्या रकान्यात 'जे१', दुसऱ्यात 'जेवन'. 'कोण वापरते' या तिसऱ्या रकान्यात त्याने 'मित्र' लिहून खोडले होते आणि 'आई' लिहिले होते. आई चौथीपर्यंत शिकलेली. लांब मजकूर टंकायचा तिला कंटाळा, शिवाय चुकेल अशी धास्ती. धाकट्या मुलीने तिला ही दोन चिन्हे शिकवली. रोज रात्री नऊच्या सुमारास मुलाच्या फोनवर तेवढीच दोन चिन्हे येतात, पुढे प्रश्नचिन्हही नसते. तो 'हो' म्हणून कळवतो; झाले नसले तरी कळवतो. 'कोणाला कळत नाही' हा चौथा रकाना त्याने कोरा सोडला होता.

आमच्या गावाचा पत्ता 'मु. पो. आष्टी (शहीद)' असा लिहितात. महाराष्ट्रात आष्ट्या अनेक आहेत. कंसातला तो एक शब्द १६ ऑगस्ट १९४२ रोजी इथल्या पोलीस ठाण्यावर गेलेल्या लोकांची आणि त्यांच्यावर झालेल्या गोळीबाराची आठवण ठेवतो. 'मु. पो.' ही टपालाची अक्षरे झाली. तो कंस गावाने स्वतःहून पत्करलेला संक्षेप आहे आणि इथले शाळकरी पोरही तो उलगडून सांगते. लघुरूप टिकावे की जावे, याची मला यापेक्षा चांगली कसोटी सुचत नाही. ते किती अक्षरांचे आहे, कोणत्या लिपीतले आहे, व्याकरणात बसते की नाही, हे नंतर पाहू. ज्याच्याविषयी ते बोलते त्याला ते उलगडता येते का, एवढे आधी पाहावे. 'गं. भा.' या कसोटीला उतरत नाही, 'केवायसी' उतरत नाही. 'भापुश्र' तर उलगडायला ज्याच्यासाठी लिहिले तो माणूसच उरलेला नसतो, म्हणून निदान तिथे तरी मुलांनी पूर्ण लिहावे असे मी वर्गात सांगत असतो. 'जे१'विषयी मात्र मी काही सांगत नाही.